मांडा फाटू नये म्हणून

श्वास रोखून धरण्यात मी एकेकाळी धुळ्याच्या अख्ख्या देवपुरात पहिली होते. ही फुशारकी नाही. शाळेच्या हॉलमध्ये सकाळी सहाला योगवर्ग भरायचा. तिथे एक निवृत्त ड्रिल सर शिट्टी वाजवून आकडे मोजायचे. बाकीच्या बायका पंचविसाला फुस्स करून सोडून द्यायच्या, मी साठाच्या पुढे जायचे. सर खूश, मीही खूश. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, गृहपाठ चुकवायची सवय नव्हती. घरी भांडी घासताना, वह्या तपासतानासुद्धा मी श्वास रोखायचा सराव करायचे. दुखण्यालाच औषध समजून मी त्याचा डोस वाढवत होते. हे कळायला पुढे एक परात पीठ आणि एक तोंडाळ बाई लागली.

त्याआधी काय झालं होतं ते सांगते. सांगताना आता त्रास होत नाही, आणि झालाच तर जरा थांबेन.

माझं माहेर चोपड्याचं, सासर धुळ्याचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला ती सोनं घेण्यापुरती ठाऊक, पण आमच्या खानदेशात ती लेकींची दिवाळी. सासरी गेलेली प्रत्येक पोर त्या दिवशी माहेरच्या उंबऱ्यात हवी. कडुनिंबाला दोरांचे झोके बांधलेले असायचे. आम्ही मोठ्या झालेल्या बायाही पदर खोचून त्यावर उभ्या राहायचो आणि ज्यांच्यासमोर एरवी मान वर करायची नाही त्यांच्या डोक्यावरून झोका न्यायचो. दुपारी आमरस आणि खापरावरचे मांडे. मांडे म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाट-लाटणं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर झुलवत झुलवत मनगटापासून कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. माझ्या आईचा मांडा इतका पातळ असायचा की त्यातून चुलीतला जाळ दिसे. आमच्या घरी पहिला मांडा पूर्वजांचा आणि दुसरा दारात आलेल्या लेकीचा. तो मी हातपाय धुण्याआधीच उभ्या उभ्या खायचे. त्याची चव अजून जिभेवर आहे, आणि आता तसा करणारं कोणी नाही याचा मला राग येतो.

लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला मी धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने निघाले. शेजारच्या सीटवर माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर दुरडी, दुरडीत सांजोऱ्या. तीन वर्षांनी माहेरी चालली होती. तिने मला एक सांजोरी दिली, सासूची दोन गाऱ्हाणी सांगितली, मी तिला माझी सांगितली. आमची छान गट्टी जमली. अमळनेरच्या अलीकडे एका नाल्यावरच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, समोरून ट्रक आला आणि आमची गाडी कठडा तोडून कोरड्या नाल्यात उलटली.

मी खाली होते, माझ्यावर माणसं, सामान, बाकडी. छाती फुगवायला जागा नव्हती. कितीतरी वेळ त्या बाईचा हात माझ्या हातात होता. ती दाबायची, मी दाबायचे. मग मी दाबला आणि तिने दाबला नाही. लोकांनी आम्हाला बाहेर काढलं तेव्हा मला फक्त खरचटलं होतं आणि एक दात हलत होता. सगळे म्हणाले, नशीबवान. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

दात पुढे घट्ट झाला. बाकीचं झालं नाही. रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला की माझे खांदे कानाला लागायचे, तळहात ओले, छातीत दगड. डिझेलचा वास आला की वर्गात फळ्याला पाठ लावून उभी राहायचे आणि पोरांना म्हणायचे, सतराचा पाढा म्हणा. पोरं बिचारी सतराच्या पाढ्यात तरबेज झाली. न्हाणीघराचं दार लावून अंघोळ करता येईना. डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, शेजारणींनी दृष्ट काढली. एकीने सुचवलं की गाडीचं एवढं भय आहे तर रेल्वेने जा. चोपड्याला रेल्वे नाही. नरडाण्याला गाडी धरून अमळनेरला उतरता आलं असतं, पण नरडाण्याला जायला एस.टी., अमळनेरहून पुढे जायला एस.टी. माझ्या आणि आईच्या मध्ये सगळीकडे ती लाल गाडी उभी होती.

आई काही येऊ शकत नव्हती; गुडघ्यांनी जेरीस आलेली, ओट्यावरून अंगणात उतरायची तरी भिंत धरून. भाऊ मधूनमधून मोटारसायकलवर येऊन केळी टाकून जायचा आणि त्याच दुपारी परतायचा; त्याच्या मागे बसून जावं तर वाटेत तीच फरशी. आणि पुढच्या आखाजीला त्याच्या अक्षरात पोस्टकार्ड आलं: "आई सांगते की यंदा ऊन फार आहे. येण्याची दगदग करू नकोस." त्याच्या पुढच्या वर्षी: "आई सांगते की यंदा आंबा आला नाही. येऊ नकोस." चोपड्याला आंबा आला नाही म्हणे! धुळ्याच्या बाजारात ढीग लागले होते. मी तशीही जाऊ शकत नव्हते, पण बोलावणं तरी यायला हवं होतं की नको? उन्हाचं निमित्त मी समजून घेतलं. आंब्याचं मात्र फार लागलं. आईला मी नकोशी झालेय असं मनाने घेतलं, आणि एकदा घेतलं की माझं मन लवकर सोडत नाही.

योगवर्गाचं आमच्या ह्यांनी सुचवलं. हे मुळात कमी बोलणारे. दोन वर्षांत त्यांनी मला दिलेला हा एकच सल्ला, म्हणून मी मानला. ड्रिल सर माणूस चांगला. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पांझरेच्या पलीकडच्या काठावरही लोक ताठ होत असतील. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, भीती म्हणजे मनाची बेशिस्त. श्वासावर ताबा आला की मन सरळ." म्हणून तो श्वास रोखण्याचा कार्यक्रम. त्यात माझा पहिला नंबर येणारच होता. त्या नाल्यापासून मी दुसरं काही केलंच नव्हतं.

खरी फजिती शवासनाला व्हायची. सर म्हणायचे, डोळे मिटा, अंग सैल सोडा, आपण नाहीच असं समजा. मी डोळे मिटले की माझ्या हातात तो हात यायचा. मग मी एक डोळा उघडा ठेवायचे. सरांना तो दिसायचा. "बाई, डोळा!" सगळ्या बायका हसायच्या. एके दिवशी मी उठून चटईसकट पळाले. चटई शाळेची होती.

पळाले ती सरळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबले. तिथे एक अक्का राहायच्या. साठीच्या, नवरा लवकर गेलेला, लग्नाकार्यात मांडे करून देणं हा त्यांचा धंदा. धुळ्यात त्यांच्या तोडीची बाई नव्हती आणि त्यांच्याइतकी तोंडाळही नव्हती. अंगणात परातीत पीठ भिजवून बसल्या होत्या. तेवढ्यात मागच्या रस्त्यावरून एस.टी. हॉर्न देत गेली आणि मी चटई छातीशी धरून त्यांच्या दारात खिळले.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं, बरं वाटतंय का, काही नाही. म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायनी वं? हात धोय, नि पीठ तिंब."

मी हात धुतले. ते पीठ साधं नसतं. वस्त्रातून गाळलेलं, मऊ, आणि ते मळून भागत नाही. उचलून परातीत आपटायचं, पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा उचलायचं, पुन्हा आपटायचं. अर्धा तास मी ते आपटलं. आधी घाबरून, मग चिडून. ट्रकवाल्यावर, सरांवर, आंबा न आलेल्या चोपड्यावर, सगळ्यांवर. घाम गळाला, दंड भरून आले आणि मध्येच केव्हातरी मला भूक लागली. दोन वर्षांत मला आपणहून भूक लागली नव्हती. अक्का म्हणाल्या, "सकायले बी ये."

दुसऱ्या दिवशी योगवर्ग बुडवून मी तिकडे गेले. आईसारख्या सुगरणीची लेक असून मला मांडा येत नव्हता. शिकणारी पोर म्हणून मला चुलीपासून लांब ठेवलेलं. अक्कांनी गोळा हातावर दिला. मी तो झुलवायला गेले तो मधोमध फाटला, पुरण पायावर. दुसरा फाटला. तिसरा फाटला. फाटलेला मांडा ज्याने फाडला त्यानेच खायचा, असा अक्कांचा दंडक. त्या दिवशी मी पाच खाल्ले. महिन्याभरात माझ्या ब्लाउजांच्या शिवणी उसवाव्या लागल्या आणि ह्यांच्या डब्यात कचेरीत रोज फाटके मांडे जाऊ लागले. ते संध्याकाळी रिकामा डबा आणून ठेवायचे. त्यांचं असंच असतं.

मग एकदा अक्का माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही पंजे माझ्या पाठीवर, खांद्यांच्या खाली ठेवले. पीठ लागलेले, गरम. "तू दम कोंडी ठेवस," त्या म्हणाल्या. "दम कोंडा का हात ताठ व्हतंस. हात ताठ व्हयनात का मांडा फाटस."

मी म्हटलं, "पण सर म्हणतात रोखून धरायचा."

"तुन्हा सरले समजत नही. मांडाले समजस."

त्यांनी रीत सांगितली. गोळा हातावर घेताना श्वास घ्यायचा, आणि मांडा झुलायला लागला की सोडायचा, सावकाश, तोंडाने, गरम दुधावर फुंकर मारावी तसा. मांडा जेवढा वाढतो तेवढा वेळ श्वास बाहेर जात राहिला पाहिजे. पाय जमिनीला पुरते टेकलेले. डोळे उघडे, नजर मांड्यावर. "डोया मिचशी तं चुलीमा पडशी," त्या म्हणाल्या. म्हणजे डोळे मिटलेस तर चुलीत जाशील. माझा तो एक उघडा डोळा आठवून मला हसू फुटलं, आणि हसताना श्वास आपोआप बाहेर गेला. हातावरचा मांडा कोपरापर्यंत पसरला. अख्खा. मी तो खापरावर टाकला आणि तिथेच मांडी घालून रडत बसले. अक्का म्हणाल्या, रड, पण आधी मांडा उलट, करपी ऱ्हायना.

माझ्याकडे आता एक मोजमाप आलं होतं. श्वास अडला की मांडा फाटायचा. मला स्वतःला कळायच्या आधी त्याला कळायचं. हळूहळू मला अंगातली ती जागाही सापडली, बरगड्यांच्या खाली, जिथे तो कोंडतो. मग मी हातात मांडा नसतानाही, फळ्यापाशी, न्हाणीघरात, हात थोडे पुढे करून फुंकर सोडायला शिकले. पोरांची सतराच्या पाढ्यातून सुटका झाली.

सर चटई परत मागायला अक्कांच्या अंगणात आले तेव्हा मी मांडे करत होते. अक्कांनी त्यांना बसवून मांडा वाढला. सर जेवले आणि माझं मांडा झुलवणं बघत राहिले. शिट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तुम्ही तो सोडायला घेताय." दुसऱ्या सोमवारी वर्गात त्यांनी जाहीर केलं, आजपासून कोणी श्वास रोखायचा नाही, सोडायचा, ज्याला डोळे उघडे ठेवायचेत त्याने ठेवावेत, आणि ज्याला आडवं पडणं जमत नाही त्याने उभं राहून तळपाय जमिनीला टेकल्याकडे लक्ष द्यावं. जणू हे सगळं त्यांनाच रात्री सुचलं होतं. पण आपली चूक शिट्टी वाजवून दुरुस्त करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी वर्गात परत गेले, चटईसकट.

पुढचं सरांनी केलं. ते मला स्टँडवर घेऊन जायचे आणि धुण्यासाठी उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत बसवायचे. कंडक्टर मंडळी त्यांचे जुने विद्यार्थी, कोण काय बोलणार? पहिल्या दिवशी मी पायरीवर एक पाय ठेवला आणि उतरले. आठवड्याने आत बसले. मग ह्यांच्याबरोबर नरडाण्यापर्यंत जाऊन आले. नरडाण्याला काही बघण्यासारखं नाही. आम्ही स्टँडवर चहा प्यालो आणि त्याच गाडीने परतलो. तो चहा मला अजून आठवतो. हे म्हणाले, "बरा होता." चहाच असेल.

आखाजी जवळ आली आणि पोस्टकार्डही आलं. "आई सांगते की यंदा येऊ नकोस." या वेळी कारणसुद्धा दिलेलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी ठरवलं की कळवायचं नाही, सरळ दारात उभं राहायचं आणि तोंडावर विचारायचं, मी तुझी लेक नाही का? आखाजीच्या सकाळी एकटीच निघाले. हे सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. भांडायला सोबत कशाला?

गाडीत खिडकीशी बसले. तळपाय टेकलेले, डोळे उघडे, हात मांडीवर थोडे पुढे. शेजारच्या म्हातारीने विचारलं, काय करी ऱ्हायनी वं पोरी? मी म्हटलं, मांडे करतेय. ती माझ्यापासून जरा सरकून बसली. फरशी आली. कठडा नवा बांधलेला, चुन्याने रंगवलेला. छाती आवळली, घाम आला, सगळं आलं. मी श्वास सोडत राहिले, नाला संपेपर्यंत. आणि मनात त्या सांजोरीवालीला म्हटलं, बाई, चालले मी माहेरी, तुझ्याही वाटचं जाऊन येते. मला फार रडू आलं. म्हातारीने सरकलेली जागा परत घेतली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

चोपड्याला घराच्या दारात उभी राहिले तेव्हा दुपार होत होती. आई ओट्यावर बसली होती. तिने मला पाहिलं आणि हाताने जवळ बोलावलं. मग माझे दंड चाचपले, मान चाचपली, तोंड उघडून दात पाहिले असते तरी नवल नव्हतं.

"काबरं उनी तू?" ती म्हणाली. "कोणती गाडीवर उनी?"

का आलीस म्हणे! मी भांडणाचं पहिलं वाक्य काढणार, तेवढ्यात तिचे खांदे दिसले. कानाला लागलेले. ओठ मिटलेले, छाती वर चढलेली आणि तिथेच थांबलेली. मी ते शरीर ओळखलं. आरशात दोन वर्षं तेच पाहिलं होतं.

घरात त्या दिवशी मांडे नव्हते. भावजयीने साध्या पोळ्या लाटल्या होत्या. तिनेच मला आत नेऊन हळू आवाजात सांगितलं. गाडी उलटली त्या दिवशी आईच्या हातावर माझ्या वाटचा मांडा झुलत होता, तेव्हा कुणीतरी अंगणातून ओरडत आलं. मांडा चुलीत पडला. तेव्हापासून तिने खापर चढवलं नव्हतं. आखाजी जवळ आली की तिला झोप यायची नाही, आणि ती भावाला कार्ड लिहायला बसवायची. ऊन, आंबा, जे सुचेल ते.

मी बाहेर आले. आई म्हणाली, "माले वाटे, तू निंघनी का परत तसंच व्हई."

एवढी वर्षं मी जिच्यावर रुसले होते ती माझ्याच बरोबर त्या नाल्यात पडली होती, आणि तिला बाहेर काढायला कोणी गेलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. तिथेच तिच्या पायाशी बसून मी तसं तिला सांगितलं.

मग उठून कणगीमागून खापर काढलं. त्यावर कोळ्यांनी घरं केली होती. धुतलं, चुलीवर पालथं घातलं, भावजयीला डाळ शिजवायला सांगितली आणि मी पीठ आपटायला घेतलं. आई भिंत धरून चुलीपाशी आली, ती मला नावं ठेवायला. पाणी जास्ती, हात हलका. मी गोळा तिच्या हातावर दिला. पहिला फाटला. दुसरा फाटला.

"मन्हा हात गयात वं," ती म्हणाली.

मी तिच्या मागे उभी राहिले. दोन्ही पंजे तिच्या पाठीवर ठेवले, खांद्यांच्या खाली. पाठ किती लहान झाली होती. "माय," मी म्हटलं, "दम सोड."

तिने ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग माझ्या हाताखाली ती पाठ हळूहळू खाली बसली, आणि तिसरा मांडा तिच्या मनगटावरून कोपराकडे निघाला. पातळ होत होत इतका झाला की मला तिच्या खांद्यावरून त्यातून चुलीतला जाळ दिसला. आईने तो खापरावर टाकला, भाजला, घडी घातली आणि पूर्वजांना न दाखवता पहिला माझ्या हातात दिला.

पुढच्या वर्षी भावाच्या अक्षरात कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: "आई सांगते की खापर धुऊन ठेवलं आहे, ये."